पिनबॉलमध्ये नंबर एक कोण? एका प्रामाणिक यादीचं वाकडं गणित

विंडोज एक्सपीचा कम्प्युटर ज्यांच्या घरी होता, त्यांना ‘स्पेस कॅडेट’ नक्की आठवत असेल. आमच्याकडे तेव्हा नेट नव्हतं. मग सॉलिटेअर, माइनस्वीपर आणि हा निळ्या-जांभळ्या रंगाचा पिनबॉल, एवढंच उरायचं. झेड आणि स्लॅश ही दोन बटणं बडवून बडवून मी कीबोर्डवरची अक्षरं घालवली होती. हा गेम ज्याची नक्कल आहे ती लाकूड-लोखंडाची मशीन्स जगात खरोखर असतात, हे मला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत माहीतही नव्हतं.

नंतर नोकरीत तीन आठवडे शिकागोला जायचा योग आला. शिकागो म्हणजे पिनबॉलची पंढरी. गॉटलिब, बॅली, विल्यम्स, स्टर्न, सगळ्या मोठ्या कंपन्या याच शहरातल्या आणि आसपासच्या. एका शनिवारी टीममधले लोक मला एका जागी घेऊन गेले, तिथे भिंतीला लागून दहा-बारा मशीन्स उभी होती. त्यातल्या एकाकडे बोट दाखवून एकाने सांगितलं, ‘हे खेळ. आजवरच्या सगळ्यात भारी मशीन्समध्ये याचं नाव घेतात.’ मशीन होतं १९९७ चं ‘मेडिव्हल मॅडनेस’.

मी चार गेम खेळले आणि मला ते अजिबात आवडलं नाही. बॉल समोरच्या किल्ल्याच्या दारापर्यंत पोचेचना. उजवा फ्लिपर अशक्त झाला होता, बॉलला जेमतेम ढकलत होता. बाजूला बसून फोनवर शौकिनांची यादी उघडली, तर हे मशीन अगदी वरच्या नावांत! म्हणजे एकतर यादी चुकली होती, नाहीतर मी.

परत आल्यावरही हा प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण माझ्या कामाचा एक भाग अशाच याद्या बनवणं हा आहे. ॲपमध्ये कोण वर दिसणार, कोण खाली जाणार, हे ठरवणारा कोड मी लिहिते. आणि पिनबॉलच्या यादीत एक फार सोयीची गोष्ट आहे. इथे पैसे देऊन लिहून घेतलेल्या खोट्या रिव्ह्यूंचा बाजार नाही, मत देणारे बहुतेक सगळे मनापासून देतात. तरीही यादी वाकडी होते. कशी, ते बघू.

आधी मशीन समजून घेऊ

जत्रेत पूर्वी एक लाकडी पाटी मिळायची. तिच्यावर खिळे ठोकलेले, एका बाजूला स्प्रिंगचा दट्ट्या, आणि गोटी सोडली की ती खिळ्यांवर आपटत कुठल्या तरी खणात पडायची. पिनबॉलचं मूळ तेच. सुरुवातीला बॉल सुटला की खेळणाऱ्याच्या हातात काहीच नसायचं, सगळा नशिबाचा भाग. म्हणून अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी याला जुगार समजत. न्यूयॉर्क शहरात १९४० च्या दशकात आलेली बंदी १९७६ मध्ये उठली. तेव्हा रॉजर शार्प नावाच्या लेखकाने नगर परिषदेसमोर मशीन खेळून दाखवलं, बॉल कुठून जाणार ते आधी सांगितलं आणि तो तसाच घातला. १९४७ मध्ये गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ने फ्लिपर आणले होते, त्यामुळे तोवर हा कौशल्याचा खेळ झालेलाच होता. कायद्याला ते कळायला तीस वर्षं लागली, एवढंच.

आजच्या मशीनमध्ये साधारण ८० ग्रॅमचा स्टीलचा बॉल साडेसहा अंशाच्या उतारावरून खाली येत असतो. खाली चुंबकं, सेन्सर, मोटारी, आणि या सगळ्यांवर राज्य करणारं सॉफ्टवेअर. कुठला रॅम्प कितीदा मारला की काय सुरू होतं, कुठल्या क्रमाने मारलं की गुण दुप्पट होतात, हे नियम इतके खोल असतात की वर्षभर खेळूनही शेवटची पातळी न पाहिलेले लोक भरपूर असतात. मशीन हलवून फसवाफसवी करू नये म्हणून आत एक ओळंबा टांगलेला असतो, गवंडी वापरतो तसलाच. तो भोवतीच्या कड्याला टेकला की ‘टिल्ट’ आणि हातातला बॉल गेला.

नव्वदच्या दशकात हा धंदा शिखरावर होता. बॅलीच्या नावाने १९९२ मध्ये आलेलं ‘ॲडम्स फॅमिली’ २०,२७० इतकं खपलं, इलेक्ट्रॉनिक जमान्यातला तो उच्चांक मानतात. नंतर व्हिडिओ गेम घरोघरी आले आणि १९९९ मध्ये विल्यम्सने पिनबॉल बंदच केलं. पुढे बरीच वर्षं स्टर्न ही एकच मोठी कंपनी तग धरून होती. २०११ मध्ये जर्सी जॅक ही कंपनी उभी राहिली, मग आणखी काही आल्या, आणि आता या धंद्याला पुन्हा बरे दिवस आले आहेत. फरक इतकाच, की पूर्वी मशीन बारवाले आणि आर्केडवाले घ्यायचे, आता मोठा गिऱ्हाईक म्हणजे घरातल्या तळघरात मशीन ठेवणारा शौकीन.

आणि हा शौक स्वस्त नाही. नवं मशीन साधारण सात हजार डॉलरच्या आसपास सुरू होतं, लिमिटेड आवृत्ती बारा-तेरा हजारांवर जाते. म्हणजे आपल्या पैशांत सहा लाखांपासून अकरा लाखांपर्यंत. बऱ्याचदा तर खेळून न बघताच ऑर्डर द्यावी लागते. मग माणूस काय करणार? यादी बघणार.

रेटिंग देतात कसं?

शौकिनांमध्ये दोन ठिकाणं सगळ्यांना माहीत आहेत. एक म्हणजे इंटरनेट पिनबॉल डेटाबेस. हा मुळात कोश आहे. कुठलं मशीन कधी आलं, किती बनली, कोणी डिझाइन केलं, फोटो, सगळं तिथे मिळतं, आणि सोबत दहापैकी एक ‘फन रेटिंग’. दुसरं पिनसाइड, जिथली ‘टॉप १००’ यादी हा या जगातला सगळ्यात जास्त भांडणाचा विषय आहे.

पिनसाइडवर नुसते तारे टिचकवून मोकळं होता येत नाही. खेळाची रचना, चित्रं, आवाज-संगीत, कितीदा खेळलं तरी कंटाळा येतो का, अशा वेगवेगळ्या बाबींना वेगवेगळे गुण द्यायचे आणि त्यातून एक आकडा निघतो. कारण लिहायला जागा असते, आणि लोक खरंच लिहितात. किमान ठराविक मतं पडल्याशिवाय मशीन यादीत धरत नाहीत.

हे बघून मला थोडी लाज वाटली. आपण फोनवर रेटिंग कसं देतो? गेम रंगात आलेला असतो, मध्येच चौकट उगवते, ती घालवायला पाच तारे दाबतो. किंवा डिलिव्हरी उशिरा आली म्हणून चिडून एक. यूट्यूबवर पूर्वी पाच तारे होते. २००९ मध्ये त्यांनीच सांगितलं की जवळजवळ सगळेच पाच तारे देतात, आणि पुढच्या वर्षी ते काढून अंगठे आणले. पिनबॉलवाले निदान विचार करून आकडा टाकतात. पण विचारपूर्वक दिलेल्या आकड्यांचीही बेरीज-भागाकार करताना घोटाळा होतोच.

बारा मतं आणि नऊशे मतं

कॅपकॉम कंपनीने १९९६ मध्ये ‘बिग बँग बार’ नावाचं मशीन बनवलं. कंपनीचा पिनबॉल विभागच बंद पडला आणि त्याचे फक्त चौदा नमुने तयार झाले. पुढे दहा वर्षांनी शौकिनांसाठी थोडी मशीन्स पुन्हा बनली, पण तोवर त्याची दंतकथा झाली होती. आता विचार करा, अशा मशीनला रेटिंग कोण देणार? ज्याला ते खेळायला मिळालं तो. त्यासाठी तो किती लांब गेला असेल, किती पैसे मोजले असतील! असा माणूस दहापैकी सहा देईल का?

म्हणून नुसती सरासरी घेऊन चालत नाही. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. ‘अ’ मशीनला १२ जणांनी मत दिलं, सरासरी ९.४. ‘ब’ला ९०० जणांनी दिलं, सरासरी ८.७. नुसत्या सरासरीने ‘अ’ जिंकतं. पण आपण प्रत्येक मशीनच्या खात्यात आधीच १०० खोटी मतं टाकू, आणि ती सगळी यादीच्या एकूण सरासरीएवढी, समजा ७.५ ची. आता ‘अ’चा आकडा येतो ७.७ आणि ‘ब’चा ८.५८. ‘अ’ची १२ मतं त्या १०० मतांत बुडाली, ‘ब’च्या ९०० मतांवर त्याचा फारसा परिणाम नाही. याला बेजियन सरासरी म्हणतात. सिनेमांच्या आयएमडीबीच्या टॉप २५० मागे याच जातीचं सूत्र होतं, आणि बोर्डगेम शौकिनांच्या बोर्डगेमगीक साइटवरही अशीच भरीची मतं टाकतात. थोडक्यात, नव्या माणसाला सांगायचं: तू भारी असशील, पण तोवर मी तुला सर्वसाधारण धरतो.

हे सूत्र मला आता पाठ आहे, कारण एकदा ते न वापरल्यामुळे मी एका माणसाचं नुकसान केलं आहे. पहिल्या नोकरीत मी घरपोच दुरुस्तीच्या एका ॲपवर काम करत होते. वायरमन, प्लंबर वगैरे. यादी लावायचा कोड माझ्याकडे होता आणि मी सरळ सरासरीने लावली. दोन आठवड्यांनी सपोर्टकडून एक फोन माझ्याकडे वळवला गेला. पलीकडे एक वायरमन होते, वयाने माझ्या बाबांएवढे. तीनशेच्या वर कामं, ४.६ ची सरासरी. ते म्हणाले, ‘ताई, माझं काही चुकलं का? आठ दिवसांत एकच कॉल आलाय.’ त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांच्या भागात पाच-सहा नवे लोक आले होते, प्रत्येकाची दोन-तीन कामं, सगळे पाचपैकी पाच. ते सगळे वर, आणि हे फोनच्या दुसऱ्या स्क्रीनवर. दुसऱ्या स्क्रीनपर्यंत कोण स्क्रोल करतं?

मी भरीची मतं टाकून दुरुस्ती केली. काकांचे कॉल परत सुरू झाले. मग महिनाभराने उलट तक्रार आली, नवीन लोक वर येतच नाहीत. कामच नाही मिळालं तर मतं कुठून येणार, आणि मतं नाहीत तर काम कुठून! भरीची मतं १०० ठेवायची की २०, हे गणित सांगत नाही, ते कोणीतरी बसून ठरवतं. त्या ऑफिसात ते मी ठरवत होते, वय वर्षं तेवीस.

मत देतंय कोण?

पिनबॉलच्या यादीवर सगळ्यात जास्त घेतला जाणारा आक्षेप असा: मालकच आपल्या मशीनला मत देतो. दहा हजार डॉलर घातलेला माणूस ‘फसलो’ असं सहसा लिहीत नाही. आपण नवा फोन घेतल्यावर पहिल्या आठवड्यात मित्रांना काय सांगतो ते आठवा. वर यात व्यवहारही आहे, यादीतलं स्थान वर गेलं की पुढे विकताना भाव बरा येतो. मी याला लबाडी म्हणणार नाही. स्वतःच्या निवडीवर माणसाचं प्रेम असतंच.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भाग: ज्याला मशीन आवडलं नाही तो मत द्यायला येतच नाही. दोन गेम खेळतो, पुढे जातो. माझ्यासारखा. म्हणजे यादीत जे दिसतं ते ‘ज्यांना आवडलं त्यांना किती आवडलं’ हे दिसतं. झपाटलेले चाहते असलेलं मशीन वर जातं. सगळ्यांना बऱ्यापैकी आवडणारं मशीन मधे कुठेतरी राहतं.

जुन्या काळी याचं उत्तर वेगळं होतं. रीप्ले आणि प्ले मीटर ही अमेरिकेतली व्यापारी मासिकं ऑपरेटरांना विचारून तक्ते छापायची, कुठलं मशीन किती कमावतंय. तिथे मत म्हणजे नाणं. शुक्रवारी संध्याकाळी आलेला, नियम काहीही माहीत नसलेला माणूस खिशातून दुसरं नाणं काढतो की नाही, एवढाच प्रश्न. ‘ॲडम्स फॅमिली’ तिथली राणी होती. त्यात एका पेटीतून हात बाहेर येतो आणि चुंबकाने बॉल उचलून नेतो. हे बघायला नियम कळावे लागत नाहीत, तीन वर्षांचं पोरही टाळ्या वाजवतं.

शौकिनाच्या घरात गणित बदलतं. तिथे तेच मशीन रोज समोर उभं असतं. हाताची गंमत दहा दिवसांत संपते, मग हवी असते खोली: नवे डाव, नव्या पातळ्या. मशीन दुकानातून घरात गेलं तसा ‘चांगलं मशीन’ या शब्दाचा अर्थही सरकला, आणि याद्या त्याच्यामागे गेल्या. बिचाऱ्या नवख्या माणसाला यादीतला वरचा नंबर खेळून ‘यात एवढं काय आहे’ असं वाटलं, तर तो मूर्ख नाही. ती यादी त्याच्यासाठी नाहीच.

आणि मशीनची तब्येत? ‘मेडिव्हल मॅडनेस’ची मूळ मशीन्स चार हजारांच्या आसपास, प्रत्येकाचं वय पंचवीसच्या पुढे. कोणाचे रबर वाळलेले, कोणाचा उतार चुकीचा, माझ्या वाट्याला आलेल्याचा फ्लिपर थकलेला. रेटिंग मात्र सगळ्यांचं मिळून एकच. ॲपचंही हेच असतं, पंधरा हजारांच्या आणि लाखाच्या फोनवर एकच ॲप दोन वेगळी ॲप्स असतात. गूगल प्ले स्टोअरने नोव्हेंबर २०२१ पासून आधी देशानुसार वेगळं रेटिंग दाखवायला घेतलं आणि नंतर फोन, टॅबलेट अशा उपकरणांनुसारही वेगळं केलं, ते यासाठीच. पिनबॉलवाले अजून ‘कुठल्या अवस्थेतलं मशीन खेळलात’ हे आकड्यात पकडू शकलेले नाहीत. शेऱ्यात मात्र लिहितात, म्हणून मी आता आकड्याआधी शेरे वाचते.

गॉडझिला वर गेला, मग वाद पेटला

वर्षानुवर्षं पिनसाइडच्या शिखराजवळ ‘मेडिव्हल मॅडनेस’ ठाण मांडून होतं. ब्रायन एडी यांचं डिझाइन, लायमन शीट्स यांचं सॉफ्टवेअर, टीना फे हिच्या आवाजातले विनोद. दार फोडलं की किल्ला खरोखर कोसळतो. मग २०२१ मध्ये स्टर्नचं ‘गॉडझिला’ आलं आणि बघता बघता पहिल्या नंबरावर गेलं. डिझायनर कीथ एलविन, जो आधी जगज्जेता खेळाडू होता आणि मग मशीन बनवायला लागला. गावसकरांनी निवृत्तीनंतर बॅटी बनवायला घ्याव्यात तसं काहीसं.

जुने लोक म्हणाले, ही नव्याची नवलाई आहे, लाट ओसरेल. नवे म्हणाले, जुन्याला तुम्ही नॉस्टॅल्जियाचे गुण देत होता. मला दोन्ही बाजू अर्ध्या पटतात. आणि एक तांत्रिक गोष्ट या भांडणात कमी बोलली जाते. वरच्या मशीन्समधला फरक दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांत असतो. तेवढा फरक शंभरेक लोकांनी आज मूड बदलून मत दिलं तरी पुसला जाईल. पहिला आणि पंधरावा यांत अंतर आहे असं मी मानेन. पहिला आणि तिसरा यांत आहे का, शंका आहे. पण यादी म्हटली की एक, दोन, तीन लिहावंच लागतं, आणि लिहिलं की लोक त्यावर भांडतात, तेवढंच खरेदीही करतात.

शिवाय मोजायचं काय हाही प्रश्नच. स्टर्न एकच खेळ प्रो, प्रीमियम आणि लिमिटेड अशा आवृत्त्यांत विकतं. महागड्यात जास्त खेळणी, जास्त हलणारे भाग. ही तीन मशीन्स धरायची की एक? ‘मेडिव्हल मॅडनेस’ही २०१५ च्या सुमारास शिकागो गेमिंग कंपनीने पुन्हा बनवलं. नवं आणि मूळ एकत्र मोजायचं की वेगळं? वेगळं धरलं तर मतं विभागली जातात, एकत्र धरलं तर दोन वेगळ्या वस्तूंना एक आकडा मिळतो. बरोबर उत्तर नाही. यादी बनवणारा एक बाजू घेतो आणि ती यादीत कुठे दिसत नाही.

मशीन तेच, सॉफ्टवेअर नवं

आपल्यासारख्या फोनवाल्यांना सगळ्यात ओळखीचा वाटेल तो हा भाग. पिनबॉल मशीन हल्ली अर्धवट सॉफ्टवेअर घेऊन बाजारात येतं. २०१६ च्या ‘बॅटमॅन ६६’ची मशीन्स ग्राहकांच्या घरी पोचली तेव्हा आतले नियम सुरुवातीच्या अवस्थेतच होते, पुढे अपडेट येत गेले आणि मशीन उजळलं. २०१४ च्या ‘वॉकिंग डेड’चं तेच. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली, मग लायमन शीट्स यांनी सॉफ्टवेअरवर काम करत नेलं आणि खडूस खेळाडूंच्या ते गळ्यातला ताईत झालं. शीट्स जानेवारी २०२२ मध्ये गेले, तेव्हा शौकिनांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. लाकूड, काच, बॉल तेच ठेवून निव्वळ कोडने मशीनचं नशीब बदलणारा माणूस, आम्हा प्रोग्रामरांना याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

पण पहिल्या महिन्यात दिलेलं पाच-सहाचं रेटिंग? ते देणारा परत येऊन बदलेलच असं नाही. जुनं मत नव्या मशीनच्या गळ्यात अडकून राहतं.

गंमत म्हणजे याच शौकिनांनी खेळाडूंच्या बाबतीत हा प्रश्न सोडवलेला आहे. इंटरनॅशनल फ्लिपर पिनबॉल असोसिएशन ही संघटना २००६ मध्ये नव्याने उभी केली ती जॉश आणि झॅक शार्प या भावांनी, बंदी उठवणाऱ्या त्या रॉजर शार्प यांच्या मुलांनी. ती जगभरातल्या खेळाडूंची क्रमवारी लावते. तिथे स्पर्धेतले गुण पहिलं वर्ष पूर्ण धरतात, दुसऱ्या वर्षी ७५ टक्के, तिसऱ्या वर्षी ५० टक्के, आणि पुढे शून्य. जुन्या पुण्याईवर बसून राहता येत नाही.

मशीनलाही हाच नियम लावावा का? मी आधी हो म्हणाले असते. आता नाही. ‘मेडिव्हल मॅडनेस’च्या मूळ मशीनमध्ये काहीच बदललेलं नाही, मग त्याला दहा वर्षांपूर्वी दिलेलं मत शिळं का व्हावं? ज्याचं सॉफ्टवेअर बदललं त्याचंच जुनं मत हलकं करावं. गूगल प्लेने २०१९ मध्ये आयुष्यभराच्या सरासरीऐवजी अलीकडच्या मतांना जास्त वजन द्यायला सुरुवात केली. ॲप दर पंधरा दिवसांनी बदलतं, तिथे ते योग्यच. पण तोच नियम वायरमन काकांना लावला तर? वीस वर्षांचा हात आणि गेल्या महिन्यातला एक चिडका गिऱ्हाईक यांची तुलना होईल. बऱ्याच ॲपवाल्या कंपन्या सगळ्यांना एकच सूत्र लावतात, कारण कोड एकदाच लिहायचा असतो.

आकडाच नको, दोनातलं एक सांगा

आणखी एक रस्ता आहे. दहापैकी किती, हे विचारायचंच नाही. दोन मशीन्स समोर ठेवायची आणि विचारायचं: खिशात एकच नाणं आहे, कशात टाकशील? अशी हजारो उत्तरं जमली की बुद्धिबळातल्या एलो पद्धतीने क्रमवारी लागते. बलाढ्याला हरवलं तर जास्त गुण, लिंबूटिंबूला हरवलं तर कमी. यात तुझे आठ आणि माझे आठ वेगळे असण्याची भानगड राहत नाही. एआय मॉडेलांची चॅटबॉट अरेना ही क्रमवारी २०२३ पासून अशीच चालते, दोन अनामिक उत्तरं दाखवतात आणि बरं कुठलं ते विचारतात.

पिनबॉलला हे जमेल का? अडचण अशी की दोन्ही मशीन्स खेळलेला माणूस हवा. ‘ॲडम्स फॅमिली’ आणि ‘गॉडझिला’ दोन्ही खेळलेले भरपूर मिळतील, ‘बिग बँग बार’ खेळलेले शोधावे लागतील. तरी मला हीच पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. शौकीन तर ती नकळत वापरतातच. ज्याच्या तळघरात पाच मशीन्सची जागा आहे, त्याला सहावं आणायचं तर एक विकावं लागतं. कुठलं विकलं, हे त्याच्या दहापैकी साडेनऊपेक्षा जास्त सांगून जातं.

आपल्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. ते ऐच्छिक आहे. रिव्ह्यू लिहिणारा खरा आहे का, साइटने त्यात ढवळाढवळ केली का, असे प्रश्न त्यात आहेत. ते हवंच होतं. पण पिनबॉलच्या यादीत लिहिणारे सगळे खरेच आहेत. किमान मतं किती, जुन्या मताचं वजन किती, आवृत्त्या एकत्र की वेगळ्या, हे आकडे कुठलं ॲप रेटिंगच्या शेजारी छापतं? पिनसाइडवर निदान लोक त्यावर पानंच्या पानं भांडतात. आपल्या फोनवर ४.३ दिसतं आणि आपण रिक्षा, हॉटेल, डॉक्टर ठरवून मोकळे होतो.

पुण्यात मी दोन-तीन मॉलचे गेम झोन पालथे घातले. एअर हॉकी आहे, बास्केटबॉल आहे, पिनबॉल नाही. झेन स्टुडिओजने ‘मेडिव्हल मॅडनेस’ फोनवर आणलंय, ते बसमध्ये खेळते. त्यात फ्लिपर कधीच थकत नाही, आणि किल्ला मी आता सहज पाडते. मशीन का आवडतं ते थोडं थोडं कळायला लागलंय. पिनसाइडवर खातंही उघडून ठेवलंय, पण मत अजून दिलेलं नाही. काचेवर बोट टेकवून पाडलेला किल्ला आणि चार गेम थकलेल्या फ्लिपरचे, एवढ्या भांडवलावर आकडा टाकायला हात धजत नाही. पुढच्या वर्षी परत शिकागोला जायचं चाललंय. त्या जागेला मी ईमेल करून विचारलंय, उजव्या फ्लिपरचं काम झालं का म्हणून.